गाडीचा पाटा आणि आपले ओझे



वसंतातल्या व्याख्यानांना वेदान्त, इतिहास, काव्य, अर्थकारण असे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंगतीत गाडीच्या पाट्यासाठी पान मांडावे काय, अशी शंका विषयाचे नाव वाचून काहींना आली असेल. कोणाला हा वरवंट्याचा सोबती असलेला घरचा पाटाही वाटला असेल. तो पाटा हा नव्हे. मालमोटारीच्या चाकाजवळ, सांगाड्याच्या खाली, पोलादी पट्ट्यांची जी वाकलेली जुडी दिसते, तिच्यातल्या एकेका पट्टीला कारागीर पाटा म्हणतात. सबंध जुडीला कोणी कमान म्हणतात, कोणी नुसती स्प्रिंग म्हणतात.

आपली साकोली महामार्गावर वसलेली आहे. नागपूरकडून रायपूर-कोलकात्याकडे जाणारा हा रस्ता जुन्या हिशेबाने राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता; २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले तेव्हापासून तो ५३ झाला. पश्चिमेला लाखनी आणि भंडारा, पूर्वेला देवरी, उत्तरेकडे गोंदियाची वाट, दक्षिणेकडे लाखांदुराची. या वाटांवरून जे लोखंड, जे सिमेंट आणि आपले स्वतःचे जे धान व तांदूळ जातात, त्यांचा सगळा भार शेवटी या पाट्यांवर असतो. आणि पाटा बिघडला म्हणजे कोणी तरी माणूस त्या भाराखाली पाठ टेकून निजतो व तो दुरुस्त करतो. त्या माणसाच्या आणि त्या गाडीसमोरून येणाऱ्या माणसाच्या जिवाचा हा प्रश्न आहे. एवढ्यासाठी हा विषय या व्यासपीठावर यायला हरकत नसावी असे आम्हांस वाटते.

प्रथम, कमान करते काय ते पाहू. आपल्या वाडवडिलांच्या खासराला कमान नव्हती. आखावर साटा, साट्यावर माणसे. चाक दगडावर चढले की दगडाचा धक्का थेट माणसाच्या मणक्यात. त्यावर उपाय म्हणून साट्यात तणस अंथरीत. तणशीचा थर दबे, धक्का थोडा जिरे आणि म्हातारे माणूस मंडईच्या गावाला पोचेपर्यंत निभावून नेई. ती तणस म्हणजेच आपली पहिली स्प्रिंग. युरोपातल्या घोडागाड्यांना पोलादी पट्ट्यांच्या कमानी फार पूर्वी आल्या. १८०४ साली ओबाडाया इलियट या इंग्रज कारागिराने लंबवर्तुळासारख्या कमानीचे पेटंट घेतले आणि गाडी अधिक हलकी व सुखाची झाली. १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि चाकालाच एक स्प्रिंग मिळाली. आज रस्त्यावरच्या मोटारीला टायर, स्प्रिंग आणि हिसके शमवणारा शॉकॲब्सॉर्बर, असे तीन राखणदार असतात.

यांतल्या स्प्रिंगेचा नियम १६७८ साली रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने छापून मांडला. नियम इतका सोपा आहे की बाजारातल्या कोणाही माणसाला तो सांगावा लागणार नाही, कारण तो रोज त्याच्या हातात असतो. स्प्रिंगेवर जेवढा भार, तेवढी ती दबते किंवा ताणते. भार दुप्पट केला की दबणेही दुप्पट. रद्दीवाल्याच्या हातातला ताणकाटा याच नियमावर चालतो. आकड्याला रद्दीचा गठ्ठा अडकवला की आतली स्प्रिंग ताणते आणि काटा आकडा दाखवतो. गाडीची कमान हाही तसाच एक काटा आहे. गाडी किती वाकली हे पाहून तिच्यावर किती ओझे आहे हे जाणता हमाल सांगतो, तो हूकचाच नियम वाचीत असतो. आज आम्ही जे सांगणार आहो त्याचे मर्म एवढ्यातच आहे. पाटा हा गाडीचा वजनकाटा आहे. त्याची निगा करायची ती काटा खरा राहावा म्हणून, आणि त्याच्यात फेरफार करायचा नाही तो काटा खोटा होऊ नये म्हणून.

आता जुडीची रचना. सर्वांत वरचा, सर्वांत लांब पाटा हा मुख्य. त्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात. त्या गोलांत बुश आणि पिन बसवून तो सांगाड्याला जोडतात. एका टोकाला शॅकल नावाचा हलता दुवा असतो, कारण वाकलेली कमान दबली की तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला जागा हवी. मुख्य पाट्याखाली एकाहून एक आखूड पाटे. सर्वांच्या मध्यातून एक बोल्ट आरपार जातो, त्याला सेंटर बोल्ट म्हणतात. आणि जुडी ॲक्सलला आवळून धरतात ते इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे बोल्ट.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. सेंटर बोल्टाचे काम पाटे आपल्या जागी बसवण्याचे. ओझे आवळून धरण्याचे काम यू-बोल्टांचे. यू-बोल्ट ढिले झाले की पाटे एकमेकांवर सरकू लागतात, सगळा ताण त्या एकट्या बारीक बोल्टावर येतो आणि तो मध्ये कापला जातो. मग ॲक्सल आपल्या जागेवरून मागे-पुढे सरते आणि गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालते. पाटे मध्यभागी, बोल्टाच्या भोकाशी मोडतात, तेही बहुधा याच ढिलाईमुळे. कारण भोकाने तेथे पोलाद आधीच कमी झालेले असते आणि आवळण सुटली की सारे वाकणे तेथेच येते. यास्तव नवे पाटे बसवल्यावर गाडी थोडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. रंगाचा आणि गंजाचा थर दबतो, पाटे एकमेकांवर बसतात आणि पहिली आवळण सैल पडते. गाडी लागलीच मालाला जायची आहे म्हणून दुसरी आवळण टाळणे हे पुढच्या मोडीचे कारण होते.

मोडण्यापूर्वी पाटा सूचना देतो. ती वाचायला यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करावी आणि दोन्ही बाजूंची उंची, चाकाच्या मध्यापासून सांगाड्यापर्यंत, टेपाने मोजावी. एक बाजू खाली असेल तर त्या बाजूची कमान थकली किंवा आतला पाटा मोडला. दोन पाट्यांच्या मध्ये गंजाची ताजी लाल रेघ दिसली तर तेथे घासण चालू आहे. यू-बोल्टाच्या नटाभोवती चकाकणारी कड दिसली तर नट हलतो आहे. मागची चाके पुढच्या चाकांच्या माग्यावरून चालत नसतील तर ॲक्सल सरकली आहे. मोटारीचा कोपरा हाताने दाबून सोडावा. ती एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, दोनतीनदा डुलत राहिली तर शॉकॲब्सॉर्बर संपला. त्याच्या अंगावरून तेल ओघळलेले दिसले तर डुलण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.

मोडलेला पाटा वेल्डिंगने सांधून काम भागवावे, अशी सूचना रस्त्यावर नेहमी ऐकू येते. ती मानू नये. पाट्याचे पोलाद तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा बेताने तापवून त्याला लवचीकपणाचे पाणी दिलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरते. सांधा भक्कम दिसतो आणि सांध्याच्या कडेला पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. भरल्या गाडीखाली ते तेथेच तुटते. बसलेल्या पाट्याला भट्टीत लाल करून पुन्हा बाक देणे हेही, विझवण्या-तापवण्याचे माप ठाऊक नसेल तर, तसेच फसवे आहे. पाटा बदलावा, आणि एका बाजूची जुडी पार थकली असेल तर दोन्ही बाजूंच्या बदलाव्यात, नाही तर गाडी एका अंगाला झुकूनच चालेल.

आता या व्याख्यानाचा सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे काम करणाऱ्याची सुरक्षितता. स्प्रिंग हे साठवलेले बळ आहे. गाडीने तिला दाबले तेव्हा जे बळ तिच्यात गेले ते नाहीसे झालेले नाही. ते वाट पाहत बसलेले आहे. मोकळे व्हायची संधी आपण चुकून दिली तर ते आपल्या हाताला किंवा डोक्याला लागून मोकळे होईल. म्हणून यू-बोल्टाचा नट सोडण्यापूर्वी त्या कमानीवरचा भार काढलाच पाहिजे. सांगाडा उचलून आधारावर ठेवावा, ॲक्सलला वेगळा टेकू द्यावा, कमान मोकळी झाली याची खात्री करावी आणि मगच पाना लावावा.

जॅक हे उचलायचे साधन आहे, धरून ठेवायचे नव्हे. त्याच्या आतला तेलाचा दाब एका झिजलेल्या वॉशरामुळे क्षणात उतरू शकतो. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही, कितीही थोड्या वेळासाठी, शिरू नये. गाडी टणक, सपाट जमिनीवर घ्यावी. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची माती जॅकला गिळते, तेव्हा खाली जाड फळी घालावी. जी चाके जमिनीवर राहतील त्यांना पुढूनमागून पाचरी लावाव्यात. उचललेल्या सांगाड्याखाली लोखंडी घोडी किंवा लाकडाचे भक्कम ठोकळे द्यावेत. विटा देऊ नयेत, कारण वीट आधी न कुरकुरता फुटते. माल भरलेला असेल तर आधी उतरवावा. वेळ लागतो, हमाली पडते, हे खरे. पण भरल्या गाडीखालच्या माणसाच्या जिवाचा हिशेब हमालीत होत नाही.

पिन अडकली म्हणून तिच्यावर घण घालताना डोळ्यांना चष्मा असावा. कडक पोलादावर कडक घण पडला की ठिकरी उडते आणि तिची जागा ठरलेली असल्यासारखी ती डोळ्यात जाते. मोटारीच्या पुढच्या चाकांना वेटोळ्याची स्प्रिंग असते. ती दाबून धरायचे खास शिकंजे मिळतात. ते लावल्याखेरीज वरचा नट सोडणे म्हणजे ताणलेल्या धनुष्यासमोर तोंड धरणे होय. वायू भरलेल्या शॉकॲब्सॉर्बरला भोक पाडू नये, आच दाखवू नये, भंगारात देताना जाळात टाकू नये. महामार्गावर रात्री गाडी बसली तर दुरुस्तीचा विचार दुसरा. आधी चमकणारा त्रिकोण मागे पुरेशा अंतरावर ठेवावा आणि माणसांनी रहदारीच्या बाजूला पाठ करून बसू नये. आणि गाडीखाली सरकायला सोपे म्हणून कोवळ्या पोराला आत पाठवण्याची जी रीत आहे, ती आपण पाहू तेथे थांबवावी. वर सांगितलेले एकेक संकट ओळखायला जे वय लागते ते त्याचे झालेले नसते.

येथवर निगा झाली. आता फेरफाराकडे वळू. गाडी फार दबते, तेव्हा एक पाटा जास्त घाला, ही मागणी कारागिराकडे नेहमी येते. पाटा जास्त घातला की गाडी ताठ उभी राहते आणि मालकाला वाटते, गाडीचे बळ वाढले. वस्तुतः काय झाले? ओझे तेवढेच राहिले. ते दाखवणारा काटा मात्र कमी दाखवू लागला. ॲक्सल तीच, बेअरिंग तीच, टायर तेच, ब्रेक तेच, सांगाडा तोच. पूर्वी जो भार पाट्याने दबून सांगितला असता तो आता मुकाट्याने या सर्वांवर पडतो आणि मोडायची जागा पाट्यावरून दुसरीकडे जाते. पाटा मोडला तर गाडी बहुधा रस्त्याच्या कडेला बसते. ॲक्सल मोडली किंवा टायर फुटला तर ती कोठे जाईल याचा नेम नाही.

शिवाय जाडीचा हिशेब फसवा आहे. तेवढ्याच लांबी-रुंदीचा पाटा दुप्पट जाड घेतला तर त्याचा ताठरपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. अशी ताठ केलेली गाडी रिकामी परतताना खड्ड्यावर उसळते. चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग काय? काही मालमोटारींना मागच्या ॲक्सलच्या आणि सांगाड्याच्या मधले अंतर पाहून मागचा ब्रेक कमीजास्त करणारा व्हॉल्व बसवलेला असतो. गाडी दबली की तो समजतो ओझे आहे, आणि जास्त दाब सोडतो. पाटे वाढवून आपण गाडी दबूच दिली नाही, तर त्याला वाटते गाडी रिकामी आहे. आणि भरल्या गाडीला तो रिकाम्या गाडीचा ब्रेक देतो. काटा खोटा केला की त्याच्या भरवशावर चालणारे सगळेच फसतात, ते असे.

रस्त्याचेही तेच. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची एक मोठी परीक्षा झाली. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून ठरावीक वजनाच्या गाड्या दीर्घकाळ फिरवून पाहिल्या. तिच्यातून ढोबळ नियम निघाला तो असा, की रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर झीज सोळापट. भार नुसता पाचव्या हिश्शाने वाढवला तरी झीज सुमारे दुप्पट होते. म्हणजे जादा ओझ्याने खड्डे पडतात, खड्ड्यांनी पाटे मोडतात, पाटे मोडतात म्हणून पाटे वाढवतात आणि वाढवलेल्या पाट्यांवर आणखी ओझे चढते. हे रहाटगाडगे आपणच फिरवतो आणि मग खड्ड्यांबद्दल तक्रार करतो.

यावर गाडीमालक म्हणेल, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, की भाडे पुरत नाही. ठरल्या वजनात धंदा बसत नाही. हे म्हणणे सरकारनेही काही अंशी ऐकले. २०१८ साली चार टायरांच्या एका ॲक्सलवरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. परंतु ती वाढ झाल्यावर तिच्याही वर भरायचे, तर मर्यादा या शब्दाला अर्थ राहत नाही. केंद्राने २०१९ साली दुरुस्त केलेल्या मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २० हजार रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये लिहिलेले आहेत. आणि तो केवळ चालवणाऱ्याला नव्हे, चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे. कायद्याने येथे एक शहाणपण दाखवले आहे असे आमचे मत आहे. गाडी जास्त भरली जाते ती ड्रायव्हरच्या हौसेने नव्हे. ज्याला दोन खेपांचा माल एका खेपेत हवा आहे, तो व्यापारी, तो गिरणीवाला, तो घर बांधणारा गृहस्थ, म्हणजे या सभेत बसलेल्यांपैकीच कोणी तरी, ते ओझे चढवीत असतो.

कोणी म्हणेल, आमच्याकडे मालमोटार नाही, आम्ही मोटारसायकलवाले. त्यांच्यासाठीही पाट्याचा धडा तोच आहे. मागच्या स्प्रिंगेच्या बुडाशी बहुतेक गाड्यांना खाचांची एक कडी असते. मागे माणूस किंवा तांदळाचे पोते घेताना ती कडी योग्य पान्याने वरच्या खाचेत फिरवावी. दोन्ही बाजूंना अगदी सारखी, नाही तर गाडी वळणावर दगा देईल. ही कडी फिरवल्याने स्प्रिंगेची ताकद वाढत नाही, गाडी फक्त आपल्या मूळ उंचीवर येते. म्हणून तिघे-चौघे बसवण्याची ती परवानगी नव्हे. ओझे उतरले की कडी पुन्हा खाली आणावी. मागची बाजू दबून राहिली की पुढचा दिवा वर उठतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. रात्रीच्या रस्त्यावर यात अपघाताचे मूळ आहे. पुढच्या नळ्यांतून तेल गळत असेल तर ते पुसून गप्प बसू नये. धुळीने सील फाटले आहे, आणि ते तेल ओघळत ब्रेकच्या चकतीवर गेले तर हवा तेव्हा ब्रेक लागणार नाही.

श्रोतेहो, यंत्राची निगा हा कारागिराचा विषय, असे आपण सहज म्हणतो. पण पाटा कारागीर बसवतो आणि मोडतो तो ओझे चढवणारा. तेव्हा निगेचा पहिला हात पान्याला लागत नाही. तो पोते उचलणाऱ्याला आणि उचलायला सांगणाऱ्याला लागतो. येत्या हंगामात धान कापून निघेल, खळ्यावरून पोती केंद्राकडे आणि गिरणीकडे निघतील. त्या वेळी आपल्या दारात उभ्या राहिलेल्या गाडीची कमान एकदा वाकून पाहावी. ती उलटी वळू लागली असेल, तर शेवटची दहा पोती खाली उतरवावीत आणि भाड्याचा दुसरा फेरा मान्य करावा. गाडीवाल्याने जॅकऐवजी घोडी मागितली तर ती मिळेपर्यंत थांबावे. साकोलीहून देवरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री कोणाची तरी गाडी सुखरूप जाईल आणि कोणाचा तरी मुलगा गाडीखालून उठून घरी जेवायला जाईल.